तिसऱ्या मजल्यावरचा ओटा

एजंट वर पोहोचला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. दाराची चौकट धरून तो नुसता उभा राहिला आणि हातानंच ‘एक मिनिट’ असं सुचवलं. तिशीतला माणूस, पायात भारी बूट, आणि तीन जिन्यांत ही अवस्था. मला बरं वाटलं. आमच्या जिन्यानं दमलेलं कुणीही दिसलं की मला बरं वाटतं. या जिन्यापायी मी सोसायटीशी भांडलो, हरलो, आणि शेवटी घर विकायला काढलं.

घर चिंचवडमधलं, कंपनीतल्या कामगारांनी मिळून उभ्या केलेल्या सोसायटीतलं. तळमजला आणि वर तीन मजले. इमारत झाली तेव्हा आम्ही सगळे पस्तिशीच्या आतले होतो, लिफ्ट हा शब्द कुणाच्या तोंडात नव्हता. आता बायकोचे दोन्ही गुडघे गेलेत. एकाचं ऑपरेशन झालं, ते नीट मानवलं नाही, आणि दुसरं करून घ्यायला ती तयार नाही. दिवाळीनंतर ती खाली उतरलेलीच नव्हती. खालच्या बायकांशी ती खिडकीतून ओरडून बोलायची आणि संध्याकाळपर्यंत तिचा घसा बसायचा.

मोशीत मी एक लहानसा फ्लॅट बघून ठेवला होता. बेडरूम एकच, पण इमारतीला दोन लिफ्ट. त्याचा मालक ओळखीचा; महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला होता. आमचं घर मी ठरवलेल्या भावात गेलं तरच तो घेता येणार होता. कमी आले तर नाही. म्हणजे ती वरच अडकणार. एवढी एकच गोष्ट माझ्या डोक्यात होती.

एजंट घरभर फिरला. भिंती ठोकल्या, नळ सोडून पाहिले.

“हॉल ओके, काका. बेडरूम ओके. किचन मात्र…”

“किचनला काय झालं?”

“जुनं वाटतं.”

“जुनंच आहे.”

“तेच म्हणतोय. गिऱ्हाईक आलं की घरातली बाई आधी किचनमध्ये घुसते आणि ओटा बघते. ओटा असा काळा, मळकट दिसला की तिथंच भाव पडतो. बदलून टाका. पांढरं काहीतरी बसवा. फोटोत उजेड दिसतो.”

‘मळकट’ म्हटल्यावर माझं डोकं तापलं. “मळकट? तुला माहितीये तो दगड कसला आहे?”

बायको हॉलमधून म्हणाली, “झालं. बसा आता, भाऊ. चहा टाकते. अर्धा तास तरी लागेल.”

तिला माझी गोष्ट पाठ होती, पण एजंटला नव्हती, म्हणून सांगितली. कारखान्यात माल तपासायला एक जाड ग्रॅनाइटचा दगड असतो. त्याला सरफेस प्लेट म्हणतात. तो इतका सपाट घासलेला असतो की त्याच्यावर ठेवलेल्या वस्तूचा केसाएवढा वाकही लपत नाही. गावाकडून आलो तेव्हा मी हेल्पर होतो, लोखंडाचा कीस झाडायचो. तिथून धडपडत कंपनीच्या स्टँडर्ड रूममध्ये पोहोचलो आणि बारा वर्षं त्या दगडासमोर उभा राहिलो. वस्तू ठेवायची, बघायची, पास की रिजेक्ट ते सांगायचं. पुढं कंपनी सोडली, चाकणच्या कारखान्यांचा माल वाहायला टेम्पो घेतले, एकाचे सहा केले, म्हातारपणी तेही विकले. पण नजर तीच राहिली.

कंपनीत असतानाच एका प्लेटचा कोपरा कुणाच्या तरी हातून उडाला आणि ती भंगारात निघाली. त्याच सुमारास आमच्या ओट्याचा कडप्पा मधोमध तडकला होता. नव्या फरशीची ऐपत नव्हती. कुदळवाडीच्या भंगारवाल्याशी तीन दिवस हुज्जत घालून ती प्लेट मी अशा भावात उचलली की ऐकून अख्खी शिफ्ट हसली. चार बोटं जाड दगड. दोन माणसांना हलेना. एका रविवारी आम्ही चौघांनी बांबू आणि काथ्याचा दोर लावून तो तीन जिने चढवला आणि ओट्याच्या अर्ध्या भागावर बसवला. बांबूच्या पुढच्या टोकाला माझ्याच खात्यातला दोस्त होता. वर आल्यावर बायकोनं सगळ्यांना मटण वाढलं. जेवताना तो म्हणाला होता, “वहिनी, या ओट्यावर थापलेली भाकरी इन्स्पेक्शनमध्ये पास होणार बघा!”

तो दोस्त म्हणजे आज तळमजल्यावर राहणारा आमच्या सोसायटीचा चेअरमन. लिफ्ट त्यानंच अडवली.

जिन्याच्या बाजूला बाहेरून लिफ्ट बसेल एवढी जागा आहे. मी स्वतः टेप लावून मोजली, दोन लिफ्टवाल्यांना बोलावून दाखवली, कुणी किती द्यायचे तेही मजल्यानुसार मांडलं. तळमजल्याला सगळ्यात कमी. वर्षामागून वर्षं मीटिंगमध्ये विषय काढला आणि दर वेळी खालच्या दोन मजल्यांनी हात वर केले नाहीत. शेवटच्या मीटिंगला हा माझा दोस्त म्हणाला, “ज्यानं वरचं घर हौसेनं घेतलं त्यानं चढावं, राव.” वरचं घर मी हौसेनं घेतलं नव्हतं, ते स्वस्त होतं. मी उठलो तेव्हा माझी खुर्ची मागं पडली. इतिवृत्तात लिहिलं गेलं, ‘सदर सभासदाने खुर्ची फेकली.’ त्या दिवसापासून त्याचं माझं बोलणं बंद. जिन्यात समोर आला तर मी भिंतीकडं बघतो. सहा वर्षं झाली.

एजंटनं सगळं ऐकलं, चहा संपवला आणि म्हणाला, “काका, गोष्ट भारी आहे. पण फोटोत येणार नाही ती.”

*

दगड बघायला मी एकटाच गेलो. बायकोला कसं नेणार? जाताना ती म्हणाली, “पांढरा आणू नका. हळद सांडली की संपलं.”

“आपल्याला कुठं वापरायचाय?”

“मग मला सांगता कशाला?” तिनं तोंड फिरवलं. तिचंही खरं होतं. आयुष्यात पहिल्यांदा घरात नवा ओटा येणार होता आणि तो दुसऱ्या बाईसाठी.

मोशीच्या पुढं नाशिक रस्त्याला ग्रॅनाइटवाल्यांच्या वखारी आहेत. लोखंडी घोड्यांना टेकवून उभे केलेले दगड, सगळ्यांवर रस्त्याची धूळ. मालक राजस्थानी होता, चाळिशीतला. मी पिशवीतून माझी जुनी स्टीलची सरळ पट्टी काढली, एका दगडाच्या अंगाला लावली आणि पट्टीखालून उजेड दिसतो का ते बघायला खाली वाकलो. उजेड दिसला. दुसऱ्याला लावली. दिसला. पाचव्या-सहाव्या दगडापर्यंत मालक गप्प होता.

“काका,” तो म्हणाला, “इस पे रोटी बेलनी है, के हवाई जहाज उतारना है?”

त्याची माणसं हसली. मीही हसायला हवं होतं. “वाकडा माल आहे तुझा,” मी म्हणालो.

“सब का ऐसा ही है. पहाड से आता है, काका, फॅक्टरी से नहीं.”

“मग भावही वाकडाच लाव.”

तिथून बोली सुरू झाली. पांढरे ठिपकेदार दगड त्यानं दाखवले. काळ्यांत एक चांगला दिसला, पण थिनरचं फडकं फिरवल्यावर फडकं काळं झालं. रंग मारलेला. ते फडकं मी त्याच्या नाकासमोर धरलं. तो डगमगला नाही. “काले में सब मारते हैं. सफेद में क्या मारेंगे?” हेही खरंच. मी उठून बाहेर पडलो, त्यानं हाक मारली नाही. गेटपर्यंत गेलो. असं उठून निघणं ही माझी नेहमीची चाल. आयुष्यभर मागून हाक आली. या वेळी आली नाही, आणि मी गेटशीच एका दगडावर बसलो. महिनाअखेर जवळ येत होती. कुणाच्या तरी दारात जाऊन भाव पाडायचा, उठायचं, परत बसायचं, याचा मला कंटाळा आला होता.

मालकानं चहा पाठवला. शेवटी पांढऱ्यात बारीक काळे ठिपके असलेला, त्यातल्या त्यात सरळ दगड मी घेतला. त्यानं थोडं सोडलं, मी थोडं चढलो. सिंकसाठी कापून, कडा गोल करून देणं त्याच्याकडं. मी पट्टी पिशवीत ठेवत होतो तेव्हा तो म्हणाला, “किस के लिए बना रहे हो, काका?”

“विकायला.”

“बेचने के लिए इतना कोई नहीं देखता,” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. मला त्याचाही राग आला.

*

जुना ओटा काढायला दोन मजूर आले. कडप्पाचे तुकडे पोत्यांत भरून त्यांनी खाली नेले. मग त्यांनी प्लेटच्या खालचं सिमेंट फोडलं, पहार घातली आणि ती कशीबशी जमिनीवर टेकवली. दोघंही घामाघूम.

“हा उतरायचा न्हाई, मालक,” त्यातला मोठा म्हणाला. “घणानं तुकडं करतो. मंग जाईल.”

“तुकडे?”

“मंग काय करू? तीन जिनं हायेत. लिफ्ट न्हाई बिफ्ट न्हाई.”

मी काही बोलणार तेवढ्यात दारात चेअरमन दिसला. दुपारची वेळ होती, दोन ते चार सोसायटीत ठोकाठोक करायची नाही असा नियम आहे, आणि तो नियम सांगायला तो स्वतः वर आला होता. सहा वर्षांत पहिल्यांदा तो तिसऱ्या मजल्यावर आला होता. एजंटसारखीच त्याची अवस्था. एक हात भिंतीवर, एक गुडघ्यावर.

“दोन ते चार…” तो म्हणाला आणि पुढं बोलता येईना.

“श्वास घे आधी,” मी म्हणालो. “मग नियम सांग.”

तो किचनच्या दारात आला आणि त्याची नजर जमिनीवर गेली. मग वाकून, भिंतीचा आधार घेत, त्यानं उडालेल्या कोपऱ्यावर बोट फिरवलं.

“अजून तसाच आहे.”

मी पहार उचलून भिंतीला लावली.

“मालक, घण आणू का?” मजुरानं विचारलं.

“ए, फोडू नको रे,” चेअरमन म्हणाला. मग माझ्याकडं न बघताच, “आमच्या पोराची शेड आहे निघोज्याला. जिग-फिक्स्चरची कामं करतो. माल तपासायला प्लेट नाही त्याच्याकडं. ही पुन्हा घासून घेतली तर त्याला चालेल. काय घेशील?”

बोली लावण्यासाठी मी आयुष्यभर जगलो, आणि ही बोली माझ्या दारात चालून आली होती. पण तोंडून निघालं, “काही नको.”

“फुकट नको मला.”

“फुकट कुठं? उतरवायची तू. तुझी माणसं, तुझा दोर. आणि जिन्यानंच. आपल्याकडं लिफ्ट नाहीये.”

मजुरांना त्यातलं काही कळलं नाही. आतून बायको म्हणाली, “अहो, पुरे.” चेअरमन वळला. जाताना दारापाशी थांबून तिला म्हणाला, “वहिनी, बऱ्या आहात ना?”

“वरच आहे,” ती म्हणाली.

रविवारी तो पोराला आणि शेडवरच्या तीन कामगारांना घेऊन आला. बांबू, नायलॉनचा दोर, खाली घालायला गोणपाट. तरुण पोरं होती, त्याला हात लावू देत नव्हती, तरी तो पुढच्या टोकाला उभा राहिलाच. मी वरच्या कठड्याला टेकून बघत होतो. हे बघताना मला मजा येईल असं वाटलं होतं. पहिल्या वळणापर्यंत आलीही. दुसऱ्या जिन्यात त्याचा पाय लटपटला, पोरानं त्याला बाजूला केलं, आणि तो तिथंच पायरीवर बसला. टकलावरून घाम ओघळत होता. पोरं दगड घेऊन पुढं गेली, तो बसूनच राहिला.

“पाणी द्या त्यांना,” मागून बायको म्हणाली. काठी टेकत ती दारापर्यंत आली होती.

“त्याच्या घरी आहे पाणी.”

“घर खाली आहे. तो मधे बसलाय.”

तांब्या घेऊन मी एक मजला उतरलो. तो पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाला, “तेव्हा वर चढवताना एवढं लागलं नव्हतं.”

“तेव्हा आपण गात होतो,” मी म्हणालो. ते खरं होतं. काय गात होतो ते मात्र दोघांनाही आठवेना. मी तांब्या घेऊन वर आलो.

*

नवा दगड आला. बसवायला आलेला कारागीर शहाणा माणूस होता, कमी बोलणारा. त्यानं सिमेंट पसरलं, दगड ठेवला आणि म्हणाला, “सिंककडं थोडा ढाळ देतो.”

“ढाळ नको. लेव्हल पाहिजे.”

“काका, ढाळ लागतोच.”

“वाकडं काम माझ्या घरात नको,” मी म्हणालो आणि माझी लेव्हलची बाटली दगडावर ठेवली. बुडबुडा डावीकडं सरकला. “बघ. उचल इथून.”

बायको दाराशी खुर्ची टाकून बसली होती. “द्या हो ढाळ, भाऊ. ऐकू नका यांचं.”

कारागिरानं आमच्या दोघांकडं पाहिलं आणि जो पैसे देणार होता त्याचं ऐकलं. बुडबुडा रेघांच्या बरोबर मधोमध थांबला तेव्हाच मी बाटली उचलली. दगड खरंच देखणा दिसत होता. किचनमध्ये उजेड आला होता. एजंटनं फोटो काढून नेटवर टाकले आणि दोन तासांत फोन आला की शनिवारी एक जोडपं येतंय.

सिमेंट वाळल्यावर बायको उठली, तांब्याभर पाणी घेतलं आणि ओट्यावर ओतलं. पाणी पसरलं, थोडं सिंकमध्ये सांडलं, आणि बाकीचं तिथंच राहिलं. मधोमध, ताटाएवढं.

“गेलं का?” तिनं विचारलं.

“जाईल.”

“जुन्यावरही असंच थांबायचं. भाजी धुतली की तळं. भांडं ठेवलं की तळं. पंचवीस वर्षं हातात फडकं घेऊन उभी आहे मी.”

“तू कधी बोलली नाहीस.”

“बोलले. तुम्ही म्हणालात, दगड सपाट आहे म्हणून थांबतं, त्याच्यात दोष नाही.”

मला हे आठवत नाही. पण वाक्य माझंच वाटतं. ती ओटा सारखी पुसत असायची हे मला माहीत होतं; मला वाटायचं, तिला तो आवडतो म्हणून. पाहुण्यांना मी तसं सांगितलंही होतं.

कारागिराला फोन केला. तो म्हणाला, आता दगड काढायचा तर तुटेल. मी फोन ठेवला आणि फडकं शोधायला लागलो.

*

शनिवारी जोडपं आलं. तो चाकणच्या कंपनीत, ती हिंजवडीला. दोघंही दमलेले, इतकी घरं बघितली होती की कुठलं कुठं होतं ते त्यांना आठवत नव्हतं. मी ओटा सकाळपासून तीनदा कोरडा केला होता. तरी बायकोनं त्यांना पाणी द्यायला पेले विसळले आणि तळं पुन्हा साचलं, आणि त्या पोरीनं किचनमध्ये पाऊल टाकताच आपली पर्स त्याच्यातच ठेवली. उचलली तेव्हा खालून थेंब गळत होते.

“ओटा छान आहे,” ती पर्स झटकत म्हणाली. “नवा वाटतोय.”

“नवाच आहे,” मी म्हणालो.

“तसं आपण किचन पूर्ण काढणारच आहोत ना,” तिचा नवरा म्हणाला. “मॉड्युलर करायचंय.”

मी एजंटकडं पाहिलं. तो छताकडं बघत होता. जे ओठांवर आलं होतं ते मी गिळलं. बायकोचा चेहरा मला दिसत होता आणि ती हसू दाबत होती.

चेअरमनही आलेला होता. देखभालीचे पैसे, पार्किंग, सोसायटीची ना-हरकत, हे सगळं सांगायला एजंटनं त्याला बोलावलं होतं. हॉलमध्ये सगळे बसल्यावर ती पोरगी म्हणाली, “घर आवडलं. भावही ठीक आहे, थोडं पुढंमागं करा. पण माझ्या सासूबाई येणार आहेत राहायला. त्यांना तीन मजले कसे जमणार? लिफ्ट होणार आहे का कधी?”

एजंटनं माझ्याकडं पाहिलं. मी विचार केला, संपलं. मोशी गेलं. आणि ते या चेअरमनमुळंच गेलं.

“लिफ्टचा विषय पुढच्या मीटिंगला घेतोय,” चेअरमन म्हणाला. “जिन्याच्या बाजूला जागा आहे. बाहेरून बसते. खर्च मजल्यानुसार वाटायचा, तळमजल्याला सगळ्यात कमी. लोक तयार होतील आता.”

शब्द न् शब्द माझा होता. वर्षानुवर्षं त्याच्यासमोर उभा राहून मी हेच बोललो होतो. मी उठणार एवढ्यात माझ्या पायाच्या बोटांवर काहीतरी टेकलं. बायकोच्या काठीचं रबरी टोक. ती माझ्याकडं बघतही नव्हती, पोरीकडं बघून हसत होती, पण अंगाचा सगळा भार तिनं काठीवर टाकला होता.

“हो ना, काका?” पोरीनं मला विचारलं. “जागा आहे?”

“आहे,” मी म्हणालो. “मी मोजलीये.”

एवढंच बोललो. पुढं भावाची बोली झाली तीही मी थकल्या माणसासारखी केली. मोशी जमेल एवढं धरून ठेवलं आणि बाकीचं सोडलं. तो नवरा मनात म्हणाला असेल, म्हातारा भोळा आहे.

ती मंडळी गेल्यावर चेअरमन दारात चपला घालत होता.

“खरंच घेणार आहेस विषय?” मी विचारलं.

“तुला काय करायचंय?” तो म्हणाला. “तू तर चाललास.”

कठडा धरून एकेक पायरी तो उतरत गेला. त्यानं त्या दिवशी मला मदत केली, की सहा वर्षांनी अक्कल आली म्हणून खरं बोलला, की दगडाची फेड केली, हे मी त्याला विचारलं नाही आणि आता विचारणारही नाही. त्यानं तेव्हाच हात वर केला असता तर मला घर विकावं लागलं नसतं. हे मी विसरलेलो नाही.

*

घर दोघांच्या नावावर. रजिस्ट्रेशनच्या दिवशी सहीसाठी बायकोला खाली न्यायचंच होतं. एजंट म्हणाला, खुर्चीतून नेऊ. निघोज्याच्या शेडवरची तीच पोरं आली; कुणी पाठवली ते मी विचारलं नाही. प्लास्टिकची खुर्ची, तोच नायलॉनचा दोर, तोच बांबू. पुढं दोघं, मागं दोघं, आणि मी तिची काठी आणि कागदांची पिशवी घेऊन मागून.

तिनं चांगली साडी नेसली होती. प्रत्येक वळणावर ती “अगं बाई” म्हणायची आणि लगेच पोरांना, “चाललं, चाललं, भिऊ नका.” तळमजल्याला चेअरमन दार उघडून उभा होता.

“वहिनी, सावकाश.”

“भावजी,” ती म्हणाली, “लिफ्ट झकास आहे तुमची. फक्त धापा फार टाकते.”

पोरं हसली आणि खुर्ची हलली. तो नाही हसला. पुढं होऊन त्यानं खुर्चीचा एक पाय धरला आणि शेवटच्या चार पायऱ्या तो तसाच वाकून उतरला.

खाली पार्किंगमध्ये ऊन होतं. भिंतीशी गोणपाटाखाली प्लेट तशीच पडून होती. निघोज्याला न्यायला गाडी जमली नव्हती म्हणे. माझे टेम्पो होते तोवर बोलला असता तर एका फेरीत गेली असती. बायकोनं खुर्ची उन्हात ठेवायला सांगितली. तळमजल्याच्या, पहिल्या मजल्याच्या बायका बाहेर आल्या, तिच्याभोवती उभ्या राहिल्या आणि ती ओरडल्याशिवाय बोलू लागली. एजंट घड्याळ दाखवत होता. मी म्हणालो, “नंबर जाईल आपला.”

“जाऊ दे. घाई काय आहे? तीन महिन्यांनी खाली आलेय.”

मला उभं राहवेना. मी गोणपाट सारलं आणि प्लेटवर बसलो. दगड उन्हानं तापला होता. जवळपास पंधरा मिनिटांनी बायका पांगल्या आणि ती माझ्याकडं वळली.

“मोशीच्या ओट्याला ढाळ आहे का हो?”

मी लिफ्ट बघितली होती. लिफ्टचं दार मोजलं होतं, वीज गेल्यावर ती चालते का ते वॉचमनला दोनदा विचारलं होतं, खाली-वर चार वेळा जाऊनही आलो होतो. ओटा बघायचा राहिला होता.

“असेल,” मी म्हणालो.

“असेल नाही. सही झाली की आधी तिकडं जाऊ.” तिनं पिशवीकडं हात केला. “त्यात तांब्या ठेवलाय मी. ओतून बघते.”

मी पिशवी उघडली. कागदांच्या खाली, फडक्यात गुंडाळलेला, तांब्या होता.